पाहता पाहता घडणारा मेंदू

मांजरीच्या पिल्लाचे डोळे जन्मानंतर आठ-दहा दिवसांनी उघडतात. हार्वर्ड विद्यापीठातल्या टॉर्स्टन वीझल आणि डेव्हिड ह्यूबेल यांनी काही पिल्लांचे डोळे उघडायच्या आधीच एका डोळ्याच्या पापण्या टाके घालून बंद केल्या. दुसरा डोळा वेळेवर उघडू दिला. दोन-तीन महिन्यांनी टाके काढून बंद डोळा तपासला, तर त्यात काहीच बिघाड नव्हता. भिंग स्वच्छ होतं, दृष्टिपटल शाबूत होतं आणि उजेड टाकला की बाहुली बारीक होत होती. पण चांगला डोळा झाकला की ते पिल्लू समोरच्या वस्तूंवर आदळायचं, टेबलाच्या कडेवरून खाली पडायचं.

मग त्यांनी पिल्लांच्या मेंदूच्या मागच्या भागात, म्हणजे दृष्टीचं काम पाहणाऱ्या कॉर्टेक्समध्ये, अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड घालून एकेका पेशीची नोंद घेतली. तपासलेल्या ८४ पेशींपैकी फक्त एक पेशी बंद ठेवलेल्या डोळ्याला दाद देत होती. प्रौढ मांजराचा डोळा तेवढाच काळ बंद ठेवला, तर मात्र काहीही बिघडलं नाही. १९६३ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग वाचताना आजही त्या मुक्या जिवांसाठी मन हळहळतं. पण आज जगभर लाखो मुलांची दृष्टी ज्या ज्ञानाच्या आधारावर वाचवली जाते, त्याचा पाया या प्रयोगाने घातला.

डोळा निकोप, मेंदूही जन्मतः निकोप, तरी दृष्टी नाही. दोष होता तो दोघांमधल्या जोडण्यांत. त्या जोडण्या कशा तयार होतात, कशा टिकतात आणि कशा तुटतात, हा या प्रकरणाचा विषय आहे. मेंदू आधी पुरता बांधून होतो आणि मग कामाला लागतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात काम करता करताच त्याची बांधणी पुरी होते. चेतापेशी एकमेकींना जे संदेश पाठवतात, त्या संदेशांनीच पुढच्या जोडण्या ठरतात. आणि या कामाला निसर्गाने मुदत घालून दिलेली आहे.

संदेश म्हणजे नेमकं काय

चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. इतर पेशींकडून आलेल्या संकेतांमुळे हा फरक एका मर्यादेपलीकडे कमी झाला, की पेशीच्या आवरणातल्या सोडियमच्या वाटा एकाएकी उघडतात, धनभारित सोडियम आत शिरतो आणि विजेचा एक ठोका पेशीच्या लांब तंतूवरून पुढे धावतो. एका जागी हा ठोका जेमतेम एक मिलिसेकंद टिकतो. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी याचं गणित १९५२ साली मांडलं, ते स्क्विडच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या म्हाकुळाच्या, एका तंतूवर काम करून. हा तंतू एक मिलिमीटरपर्यंत जाड असतो, त्यामुळे त्याच्या आत इलेक्ट्रोड घालता येतो.

ठोका असतो किंवा नसतो. अर्धा ठोका असा प्रकार नाही. केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिलं, की त्वचेवर दाब वाढला तरी तंतूतला ठोका मोठा होत नाही, ठोके अधिक वेगाने पडू लागतात. तंतूच्या टोकाशी सिनॅप्स असतो, म्हणजे दोन पेशींमधली सूक्ष्म फट. तिथे ठोका पोचला की रसायन सुटतं. एखादं रसायन पुढच्या पेशीला चेतवतं, एखादं तिला दाबून धरतं. एकेका पेशीवर असे हजारो सिनॅप्स असू शकतात. सगळीकडून आलेल्या चेतवणाऱ्या आणि दाबणाऱ्या संकेतांची बेरीज-वजाबाकी ती पेशी सतत करत असते. बेरीज मर्यादेच्या वर गेली की तिचा स्वतःचा ठोका पडतो. मेंदूतली माहितीवरची प्रक्रिया म्हणतात ती मुळात एवढीच आहे. ही साधी क्रिया माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी करतात, आणि त्यातून चेहरा ओळखणं, वाक्य समजणं, चेंडू झेलणं उभं राहतं.

ते कसं, हे दृष्टीच्या वाटेवर सर्वांत स्पष्ट दिसतं. माणसाच्या एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी आहेत. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत मात्र तंतू आहेत जवळपास १० लाख. म्हणजे डोळा टिपलेला सगळा प्रकाश जसाच्या तसा पुढे पाठवूच शकत नाही. मग तो काय पाठवतो? स्टीफन कुफ्लर यांनी १९५३ साली मांजराच्या दृष्टिपटलातल्या शेवटच्या पेशी, म्हणजे ज्यांचे तंतू दृष्टिचेता बनवतात त्या गँगलियन पेशी, तपासल्या. अशी प्रत्येक पेशी दृश्यातल्या एका छोट्या गोल भागावर नजर ठेवून असते. मधोमध उजेड पडला की काही पेशी जोरात ठोके देतात, आणि तोच उजेड भोवतालच्या कड्यावर पडला की गप्प होतात. काही पेशींचं याच्या नेमकं उलट असतं. सगळीकडे सारखा उजेड पसरला, तर दोन्ही प्रकारांना फारसं सांगण्यासारखं काही उरत नाही. डोळा मेंदूला मुख्यतः फरक कळवतो: उजेड कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो.

कड ओळखणारी पेशी

कुफ्लर यांच्याच प्रयोगशाळेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, १९५८ साली ह्यूबेल आणि वीझल यांनी पुढचा प्रश्न हाती घेतला: कॉर्टेक्समधली पेशी कशाला दाद देते? काळा ठिपका चिकटवलेली काचेची पट्टी उपकरणात सरकवून ते तो ठिपका भूल दिलेल्या मांजराच्या दृष्टिपटलावर पाडत होते. पेशी ठिपक्याला काही केल्या दाद देईना. काचपट्टी बदलताना मात्र एकदम ठोक्यांचा मारा सुरू झाला. ध्वनिवर्धकाला जोडलेल्या यंत्रातून तो खोलीभर ऐकू आला. ठिपक्याचा त्यात काही संबंध नव्हता, हे थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं. काचपट्टीच्या कडेची अंधूक सावली सरळ रेषेत दृष्टिपटलावरून सरकत होती, आणि पेशीला तीच हवी होती. रेषेचा कल बदलला की ठोके थांबायचे.

आधीच्या टप्प्यातल्या पेशी गोल ठिपके पाहतात, मग ही पेशी तिरपी रेषा कशी ओळखते? त्या दोघांनी दिलेलं उत्तर सुंदर आणि सोपं आहे. दृश्यात एका ओळीत येणाऱ्या ठिपक्यांवर नजर ठेवणाऱ्या अनेक पेशी एकाच पेशीला जोडल्या, की ती पेशी त्या ओळीएवढी आणि त्याच कलाची रेषा ओळखू लागते. तिच्यात वेगळं कोणतंही रसायन लागत नाही, वेगळी शक्ती लागत नाही. पेशीला काय कळतं, हे ती कोणाकोणाला जोडलेली आहे यावर ठरतं.

मेंदूबद्दलची ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इथे यंत्र आणि त्यातली माहिती वेगळी काढता येत नाही. जोडणी हेच ज्ञान आहे. म्हणून जोडणी कशी होते हा प्रश्न केवळ गर्भशास्त्राचा राहत नाही, तो समज-उमज कुठून येते याचाही प्रश्न होतो.

तंतू वाट काढतो

गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस भ्रूणाच्या पाठीवरची चेतानळी मिटून पुरी होते. तिच्या पुढच्या टोकाचा मेंदू होतो. याच भागातून दोन्ही बाजूंना दोन फुगवटे बाहेर येतात आणि त्यांची दृष्टिपटलं बनतात. म्हणजे दृष्टिपटल हा मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा आहे. पण तिथे तयार झालेल्या गँगलियन पेशींना आता पुन्हा मेंदूशी धागा जोडायचा असतो, तोही खोलवर, थॅलॅमस नावाच्या भागातल्या ठरावीक जागी. वाटेत एक चौक लागतो. माणसात नाकाच्या बाजूच्या अर्ध्या दृष्टिपटलातले तंतू इथे पलीकडच्या बाजूला जातात, कानाच्या बाजूचे आपल्याच बाजूला राहतात.

तंतूला हे कळतं कसं? स्पेनच्या सांतियागो रामोन इ काखाल यांनी १८९० साली कोंबडीच्या भ्रूणाच्या पातळ चकत्यांमध्ये वाढत्या तंतूचं टोक पाहिलं. ते पंजासारखं पसरट होतं आणि त्याला बारीक बोटं फुटलेली होती. चकती मेलेल्या ऊतीची होती, त्यात काहीच हलत नव्हतं. तरी काखाल यांनी ओळखलं, की हे टोक जिवंतपणी पुढे सरकतं, भोवताल चाचपतं आणि वाट काढतं. अमेरिकेच्या रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली बेडकाच्या भ्रूणातल्या चेतानळीचा तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून तंतू फुटून वाढताना प्रत्यक्ष पाहिला. काखाल यांचा अंदाज अचूक होता.

वाट कोण दाखवतं, याचं उत्तर रॉजर स्पेरी यांनी १९४०च्या दशकात शोधलं. बेडकाची दृष्टिचेता तोडली तरी पुन्हा वाढते. स्पेरी यांनी ती तोडली आणि त्याच वेळी डोळा खोबणीत १८० अंशांनी फिरवून ठेवला. तंतू वाढले, दृष्टी परत आली, पण सगळं उलटं. माशी वर दिसली की बेडूक खाली झेपावायचा. पुढे असली की मागे वळायचा. उपाशी राहण्याची वेळ आली तरी त्याने ही चूक सुधारली नाही. याचा अर्थ असा, की डोळा फिरवला तरी प्रत्येक तंतू मेंदूतल्या आपल्या मूळच्याच जागी परतला होता. प्रत्येक तंतूवर आणि मेंदूतल्या प्रत्येक जागेवर रसायनांची खूण असली पाहिजे, असं स्पेरी यांनी म्हटलं.

त्या खुणा १९९५ साली हाती लागल्या. जर्मनीत फ्रीडरिख बॉनहॉफर यांच्या आणि अमेरिकेत जॉन फ्लॅनगन यांच्या गटाने एफ्रिन नावाची प्रथिनं शोधली. हे तंतू मेंदूच्या ज्या भागात पोचतात, त्याच्या एका टोकाला एफ्रिन विरळ असतं, दुसऱ्या टोकाकडे वाढत जातं. दृष्टिपटलाच्या कानाकडच्या भागातल्या तंतूंवर त्याला ओळखणारे रेणू भरपूर असतात, नाकाकडच्या तंतूंवर कमी. एफ्रिन तंतूला मागे लोटतं. ज्या तंतूवर हे रेणू जास्त तो लवकर थांबतो, ज्याच्यावर कमी तो पुढपर्यंत जातो. प्रत्येक तंतूसाठी वेगळी खूण लागत नाही. चढत्या-उतरत्या प्रमाणांचे मोजके उतार पुरतात आणि दृष्टिपटलाचा नकाशा मेंदूवर उमटतो.

पण तो ढोबळ नकाशा असतो. आपल्याकडे जनुकं आहेत सुमारे २० हजार, आणि मेंदूतले सिनॅप्स शंभर लाख कोटींच्या घरात. एकेक जोडणी जनुकांत लिहून ठेवणं शक्यच नाही. तंतू योग्य भागात पोचतो, तिथे गरजेपेक्षा जास्त फांद्या पसरतो, शेजाऱ्यांच्या जागेतही शिरतो. दोन्ही डोळ्यांचे तंतू सुरुवातीला थॅलॅमसमध्ये एकमेकांत मिसळलेले असतात. यापुढचं बारीक काम दुसऱ्या पद्धतीने होतं.

अंधारातल्या लाटा

इटलीत लूचिया गाल्ली आणि लामबेर्तो माफ्फेई यांनी १९८८ साली एक अनपेक्षित गोष्ट नोंदवली. न जन्मलेल्या उंदराच्या दृष्टिपटलातल्या पेशी ठोके देत होत्या. पाहायला काहीच नव्हतं, प्रकाश टिपणाऱ्या पेशी अजून कामाला लागल्या नव्हत्या, तरी ठोके पडत होते. १९९१ साली कार्ला शॅट्झ, मार्कस माइस्टर, रेचेल वाँग आणि डेनिस बेलर यांनी एकाच वेळी अनेक पेशींची नोंद घेऊन दाखवलं, की हे ठोके विस्कळीत नसतात. काही पेशी चेततात, मग त्यांच्या शेजारच्या, मग त्यांच्या पलीकडच्या, आणि दृष्टिपटलावरून ठोक्यांची लाट सरकत जाते. थोडा वेळ शांतता, मग दुसऱ्या ठिकाणाहून, दुसऱ्या दिशेला नवी लाट.

या लाटांचा उपयोग काय, हे समजायला मांडवातली पंगत डोळ्यांसमोर आणा. दिवे गेलेत, कोण कुठे बसलं आहे ते दिसत नाही. वाढपी ओळीने वाढत निघाला आहे. ज्या दोन ताटांचे आवाज लागोपाठ येतात ती शेजारची, ज्यांच्यात बराच अवकाश पडतो ती लांबची. नुसत्या आवाजांच्या वेळांवरून, न पाहता, पंगतीचा क्रम मांडता येतो. मेंदूतली पेशी तेच करते. ज्या तंतूंचे ठोके एकाच वेळी येतात ते दृष्टिपटलावर शेजारी आहेत, म्हणून त्यांना जवळ ठेवायचं. दोन डोळ्यांतल्या लाटा एकमेकींशी जुळून येत नाहीत, म्हणून त्यांचे तंतू वेगवेगळ्या थरांत जातात.

हे ठोके बंद पाडले तर काय होतं, हेही पाहिलं गेलं. शॅट्झ आणि मायकल स्ट्रायकर यांनी १९८८ साली मांजराच्या गर्भात ठोके थांबवणारं टेट्रोडोटॉक्सिन सोडलं. पफर माशात सापडणारं हे विष आहे. दोन्ही डोळ्यांचे तंतू थरांत विभागले गेले नाहीत, मिसळलेलेच राहिले. पुढे २०१२ साली येल विद्यापीठात मायकल क्रेअर यांच्या गटाने नुकत्याच जन्मलेल्या, डोळे न उघडलेल्या जिवंत उंदरांत या लाटा दृष्टिपटलापासून मेंदूपर्यंत जाताना पाहिल्या. उजेड येण्याच्या कितीतरी आधी मेंदू पाहण्याची तयारी करत असतो, आणि त्यासाठी लागणारे संदेश तो स्वतःच निर्माण करतो.

एकत्र चेतणाऱ्या पेशी

ज्या पेशी वारंवार एकत्र चेततात त्यांच्यातली जोडणी घट्ट होते, असा विचार कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली मांडला होता. तेव्हा तो केवळ तर्क होता. १९७३ साली ऑस्लोमध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूतल्या हिपोकॅम्पसमध्ये एका वाटेवर वेगाने विजेचे झटके दिले आणि तिथले सिनॅप्स नंतर तासन्‌तास अधिक जोराने काम करताना पाहिले.

सिनॅप्सला ही एकाच वेळेची ओळख कशी पटते, याची यंत्रणा अतिशय नेटकी आहे. पुढच्या पेशीच्या आवरणात एनएमडीए नावाचे ग्राही रेणू असतात. त्यांच्या मधोमध कॅल्शियम आत जाण्याची वाट असते, पण एरवी ती मॅग्नेशियमच्या आयनाने बंद केलेली असते. आधीच्या पेशीने ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन सोडलं तर काम अर्धं होतं. त्याच क्षणी पुढची पेशी इतर संकेतांमुळे आधीच चेतलेली असेल, तर तिच्या बदललेल्या विद्युतदाबाने मॅग्नेशियम बाहेर ढकललं जातं आणि वाट उघडते. दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या तरच कॅल्शियम आत येतं. मग ते सिनॅप्स मजबूत करणारी रासायनिक साखळी सुरू करतं आणि त्या जागी ग्लुटामेट टिपणारे आणखी रेणू बसवले जातात.

या नियमाचा विलक्षण पुरावा तीन डोळ्यांच्या बेडकाने दिला. बेडकाच्या मेंदूतल्या दृष्टीच्या एका भागात फक्त विरुद्ध बाजूच्या डोळ्याचे तंतू येतात. मार्था कॉन्स्टंटाइन-पेटन आणि मार्गरेट लॉ यांनी १९७८ साली बेडकाच्या भ्रूणावर तिसऱ्या डोळ्याचं रोपण केलं. त्या डोळ्याचे तंतू मेंदूत शिरले तेव्हा त्यांची जागा आधीच दुसऱ्या डोळ्याच्या वाटणीची होती. दोघांनी ती पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेतली: एक पट्टा एका डोळ्याचा, शेजारचा दुसऱ्याचा. मांजर आणि माकडाच्या कॉर्टेक्समध्ये दोन डोळ्यांचे पट्टे दिसतात, तसेच. तीन डोळ्यांच्या बेडकासाठी उत्क्रांतीने कोणतंही जनुक राखून ठेवलेलं नव्हतं. एकत्र चेतणारे तंतू एकत्र राहतात एवढा एकच नियम तिथे काम करत होता. पुढे एनएमडीएचे रेणू औषधाने निकामी केल्यावर हे पट्टे विरून गेले.

आता सुरुवातीच्या पिल्लाचं कोडं सुटतं. उघड्या डोळ्यातून एकमेकांशी जुळलेले, भरगच्च ठोके येत होते. बंद डोळ्याचे संकेत क्षीण आणि विस्कळीत होते. कॉर्टेक्समधल्या जागेसाठी दोघांत चढाओढ होती, ती बंद डोळा हरला. ह्यूबेल आणि वीझल यांनी दोन्ही डोळे बंद ठेवूनही पाहिलं. दोन्हींची दैना दुप्पट होईल असं वाटेल. प्रत्यक्षात अनेक पेशी दोन्ही डोळ्यांना जोडलेल्या राहिल्या होत्या, कारण दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला हटवत नव्हतं. एका डोळ्याचं नुकसान केवळ वापर न झाल्याने होत नाही. दुसरा डोळा त्याची जागा घेतो म्हणून ते एवढं मोठं होतं. १९८१ साली ह्यूबेल, वीझल आणि स्पेरी यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. स्पेरी यांना ते मेंदूच्या दोन अर्धगोलांवरच्या कामासाठी होतं.

छाटणी आणि मुदत

शिकागोचे डॉक्टर पीटर हुटेनलोखर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंमधले सिनॅप्स मोजले. माणसाच्या दृष्टीच्या कॉर्टेक्समध्ये बाळ आठ महिन्यांचं असताना त्यांची दाटी सर्वाधिक असते, नंतर शाळेच्या वयात ती बरीच उतरते. कपाळामागच्या भागात ही छाटणी किशोरवयातही चालू राहते. हा ऱ्हास नव्हे. ज्यांना काम मिळालं नाही त्या जोडण्या काढल्या जातात, उरलेल्या अधिक नेमक्या आणि मजबूत होतात. काढण्याचं काम कोण करतं, हेही आता ठाऊक आहे. बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ आणि २०१२ साली दाखवलं, की जंतूंवर खूण करणारी रक्तातली प्रथिनं दुबळ्या सिनॅप्सवरही बसतात, आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी ते सिनॅप्स गिळतात.

ही उलथापालथ कायम चालली असती, तर शिकलेलं काहीच टिकलं नसतं. म्हणून तिला मुदत आहे. मांजरात ती चौथ्या आठवड्यात सुरू होते आणि तीन महिन्यांच्या सुमारास संपते. ती ऐन भरात असताना तीन-चार दिवस डोळा बंद राहिला तरी मोठं नुकसान होतं. ही मुदत उघडतं आणि बंद करतं ते दाबून धरणाऱ्या पेशींचं जाळं. ताकाओ हेन्श यांनी १९९८ साली अशा उंदरांवर काम केलं, ज्यांच्यात गाबा हे दाबणारं रसायन कमी बनत होतं. त्यांच्यात ही मुदत सुरूच झाली नाही. गाबाचा परिणाम वाढवणारं औषध दिल्यावर ती सुरू झाली. पुढे याच पेशींभोवती साखर आणि प्रथिनांची एक दाट जाळी तयार होते आणि बदल अवघड होतो. २००२ साली इटलीतल्या संशोधकांनी प्रौढ उंदरांत ही जाळी विरघळवली, तेव्हा मेंदू पुन्हा बदलू लागला.

उशिरा आलेला उजेड

मग मोठ्या वयात उजेड मिळाला तर काहीच उपयोग नाही का? या प्रश्नाचं सर्वांत आशादायक उत्तर भारतातून आलं आहे. एमआयटीत प्राध्यापक असलेल्या पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. उत्तर भारतातल्या खेड्यांमध्ये जन्मतः मोतीबिंदू असलेली, कधीच उपचार न झालेली मुलं शोधायची, दिल्लीत त्यांच्यावर मोफत शस्त्रक्रिया करायची आणि त्यांची दृष्टी कशी घडते याचा अभ्यास करायचा, असं या कामाचं स्वरूप आहे.

आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ साली तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्रातून विचारलं होतं: जन्मांध माणसाने हाताने गोळा आणि घन ओळखायला शिकलं, आणि त्याला एकाएकी दृष्टी आली, तर तो नुसतं पाहून कोणता गोळा आणि कोणता घन हे सांगू शकेल का? २०११ साली सिन्हा यांच्या गटाने ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवर, शस्त्रक्रियेनंतर लगेच, ही चाचणी घेतली. हाताने चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखायला सांगितलं तेव्हा मुलांची उत्तरं अंदाजपंचेच होती. स्पर्शाचं ज्ञान दृष्टीकडे आपोआप जात नाही. पण काही दिवसांतच तीच मुलं ते बऱ्यापैकी करू लागली. दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं, की सुरुवातीला एकावर एक पडलेले आकार या मुलांना वेगळे करता येत नाहीत, पण आकार हलू लागला की तो ओळखता येतो. जे भाग एकत्र हलतात ते एकाच वस्तूचे, हे मेंदू आधी शिकतो आणि त्यावरून स्थिर चित्र वाचायला शिकतो.

या मुलांची नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही. बारीक तपशील पाहण्याची मुदत गेलेली असते. पण हालचाल ओळखणं, वस्तू वेगळ्या करणं, माणसांत वावरणं त्यांना बऱ्याच अंशी साधतं. यावरून कळतं, की मुदत एकच नसते. मेंदूतल्या वेगवेगळ्या कामांच्या मुदती वेगवेगळ्या असतात, आणि काहींचं दार दहा-पंधरा वर्षांनीही पुरतं मिटलेलं नसतं.

आपल्या घरातलं मूल

हे सगळं प्रयोगशाळेत ठेवण्याचं ज्ञान नाही. शंभरातल्या साधारण दोन-तीन मुलांचा एक डोळा ‘आळशी’ असतो. डॉक्टर त्याला ॲम्ब्लिओपिया म्हणतात. एका डोळ्याचा नंबर जास्त असतो, किंवा डोळा तिरळा असतो, किंवा भिंगात मोतीबिंदू असतो. मग त्या डोळ्याकडून येणारं चित्र अंधूक किंवा दुसऱ्याशी न जुळणारं येतं, आणि मेंदू चांगल्या डोळ्याचं ऐकून त्या डोळ्याला हळूहळू बाजूला सारतो. मुलाला स्वतःला याचा पत्ताही लागत नाही, कारण एका डोळ्याने त्याला सगळं नीट दिसतं. ते तक्रार करत नाही, आणि घरच्यांना वर्षानुवर्षं काही कळत नाही.

उपचार साधा आहे. आधी योग्य चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे मागे पडलेल्या डोळ्याला मेंदूत आपली जागा परत मिळते. मध्यम दोष असेल तर रोज दोन तासांची पट्टीही सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी ठरते, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. सात वर्षांच्या आत हे झालं तर परिणाम सर्वांत चांगला मिळतो. त्यानंतरही अनेक मुलांना फायदा होतो, पण तो कमी होत जातो. जन्मतः एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल, तर शस्त्रक्रियेसाठी पहिले सहा ते आठ आठवडेच सर्वांत मोलाचे असतात.

म्हणून वाचकांना कळकळीने सांगायचं ते एवढंच. बाळाच्या बाहुलीत पांढरट झाक दिसली, किंवा फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा आला, तर एक दिवसही न थांबता नेत्रतज्ज्ञांकडे जा. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावरही डोळा तिरळा दिसत असेल, तर ‘मोठं झाल्यावर आपोआप सुटेल’ असं म्हणून वाट पाहू नका. मूल तीन-चार वर्षांचं झालं, की तक्रार असो-नसो, एकेक डोळा झाकून दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत मुलांची आरोग्यतपासणी मोफत होते, जन्मजात मोतीबिंदूही त्यात पाहिला जातो. ती तपासणी आपल्या मुलाची झाली का, हे अंगणवाडीताईंना आणि शिक्षकांना जरूर विचारा. चष्मा पुढेही लावता येतो, मोतीबिंदू पुढेही काढता येतो. मेंदूतली डोळ्याची जागा मात्र वेळेवरच राखावी लागते.